वंशावळीतलं माझं वर्तुळ

कामशेतच्या बाजारात आमचं तांदळाचं दुकान आहे आणि तिथं माझ्याशी कुणी फार घासाघीस करत नाही. लोणावळ्याहून परतणारे पाहुणे गाडी थांबवून विचारतात, "ओरिजिनल इंद्रायणी आहे ना?" तेव्हा मी मूठभर तांदूळ त्यांच्या नाकाखाली धरते आणि म्हणते, आधी वास घ्या, मग बोला. सासूबाई आतून ओरडतात, "अगं, गिऱ्हाईक हाय त्ये, चोर न्हाई." तर अशी मी फटकळ. म्हणूनच आधी कबूल करते, की आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी खोटं बोलले.

आमची मुलगी सहा वर्षांची होती. वर्षभर काहीतरी बारीकसारीक चालू होतं. सकाळी उठल्यावर बोलता बोलता ती थांबायची, पापण्या फडफडायच्या, आणि मग काही झालंच नाही अशी पुढचं वाक्य बोलायची. आम्हाला वाटायचं, झोप पुरली नसेल. मग एका सकाळी दुकानाच्या पायरीवर ती कोसळली. हातपाय झाडत होती, तोंडाला फेस आला होता. शेजारचा दुकानदार तिला हुंगवायला चप्पल घेऊन धावला. मी ती हिसकावून रस्त्यावर फेकली. नंतर त्याच बिचाऱ्यानं गाडी काढली आणि आम्हाला लोणावळ्याच्या बालडॉक्टरांकडे नेलं. नवरा नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता, त्याला तिथंच फोन केला.

डॉक्टर भला माणूस. पुष्कळ मुलांची फिट औषधानं आटोक्यात येते, म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. पुण्याला जाऊन मेंदूचा आलेख काढला, एमआरआय काढला. एमआरआय अगदी स्वच्छ. फिट मात्र येतच राहिल्या. औषध वाढवलं, बदललं, मग दुसरं जोडलं. पोरगी दिवसभर पेंगायची. पाठ झालेले पाढे विसरायला लागली. बाईंनी वहीवर लिहिलं, 'लक्ष देत नाही', आणि ती वही घेऊन मी शाळेत जाऊन जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गोळ्यांनी भागेना तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपुन देवीचे मंगळवार धरू." देवी म्हणजे कार्ल्याच्या डोंगरावरची. आमच्या घरचा मंगळवार कडक. पूजा आणि नैवेद्य होईपर्यंत, म्हणजे सकाळी दहापर्यंत, तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. उपास अर्थातच मी करायचा होता. पण पहिल्याच मंगळवारी मुलगी म्हणाली, "फिट मला येते ना? मग उपास तू का करतेस? मी करणार."

आम्हाला कोण आनंद झाला. एवढंसं पोर आणि केवढी समज! सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. मग उपास आम्ही दोघींनीही धरला. ती खरोखर दूधसुद्धा घ्यायची नाही. पाटावर बसून पूजा कधी होते याची वाट बघत राहायची. आणि त्या मंगळवारांपैकी निम्म्या मंगळवारी तिला पाटावरच फिट आली.

"देवी परीक्षा बघतीया," सासूबाई म्हणाल्या. "आपुनच कुटंतरी कमी पडतोय." म्हणून आम्ही चतुर्थीही धरली.

कमी कोण पडत होतं ते मला ठाऊक होतं. दुकानाच्या गल्ल्यामागे एक खण आहे, त्यात मी कागदाच्या पुडीत गूळ ठेवायचे. मंगळवारी सकाळी दुकान उघडायला म्हणून खाली आले की पहिलं काम म्हणजे त्यातला एक खडा तोंडात टाकायचा. तो टाकला नाही, तर तासाभरात माझे पाय आखडायला लागायचे. सासूबाई वर म्हणायच्या, सूनबाई उपासाला पक्की आहे. मी खाली गूळ चघळत ते ऐकायचे.

हे पायांचं लहानपणापासूनचं. माझं माहेर आंबीचं. शाळेत जाताना शेताच्या बांधावरून चालावं लागे. न खाता निघाले तर अर्ध्या वाटेत पावलं आतल्या बाजूला वळायची, जणू माझी नव्हेतच. मग मी बांधावर बसून राहायचे. काही खाल्लं की थोड्या वेळानं आपोआप सुटायचं. एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांसमोर अंधार येऊन पडलेही होते. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं ढोंग. आईनं फ्रॉकच्या खिशात गूळ ठेवायला सुरुवात केली आणि विषय मिटवला. पुढं कामशेतचं स्थळ आलं तेव्हा बघण्याच्या कार्यक्रमाआधी तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "पायाचं कुणाला बोलू नगं. लग्न झाल्यावर तर बिलकूल न्हाई." आई पुढं वारली. तिची ही आज्ञा मात्र मी पाळत राहिले. दुसरी कुठली इतकी पाळली असती तर ती सुखानं गेली असती.

वर्षभरानं लोणावळ्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं, की पुण्यात मुलांच्या मेंदूविकारांच्या एक डॉक्टर बाई आहेत, त्यांना दाखवा, आणि फिट कधी कधी आल्या ते लिहून न्या. वही ठेवण्याइतकी शिस्त माझ्यात नाही. मी दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करायचे. म्हणून सहा महिन्यांची पानंच फाडून नेली. नवरा वाटभर म्हणत होता, हे असं कुणी नेतं का?

डॉक्टर बाईंनी ती पानं टेबलावर एकाशेजारी एक मांडली. आपल्या कॅलेंडरात वार आडव्या ओळीत असतात. त्यांचं बोट एका ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"मंगळवारी काय असतं तुमच्याकडे?"

बरोबर आलेल्या सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "देवीचा उपास असतो. पोरगीबी धरती."

"आणि बाकीच्या फिट? कुठल्या वेळेला येतात?"

"सकाळी," मी म्हणाले.

"खाण्याआधी की नंतर?"

मी ती पानं पुन्हा बघितली. आधी. नेहमी आधी. इतके दिवस ते गोल मीच काढत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. साध्या शब्दांत समजावलं. मेंदू साखरेवर चालतो. रक्तातली साखर मेंदूत नेणारी दारं असतात आणि काही मुलांमध्ये ती जन्मापासून पुरेशी नसतात. रक्तात साखर आहे, मेंदूला मात्र पोचत नाही. उपाशी राहिलं की आणखीच कमी पडते. मला ते लगेच कळलं, कारण आमच्या गोदामाचं शटर एकदा अर्ध्यावर अडकलं होतं. आत पोत्यांची थप्पी आणि बाहेर गिऱ्हाईक तिष्ठत. "पण हा माझा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर फिटच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत, उपाय वेगळा आहे. म्हणून खात्री हवी." पाठीतलं पाणी काढून त्यातली साखर बघितली, ती कमी निघाली. आता नक्की कारण जनुकीय तपासणीच सांगणार होती. त्यासाठी मुलीचं, माझं आणि नवऱ्याचं, असं तिघांचं रक्त द्यायचं होतं.

त्याआधी एका समुपदेशक मुलीनं आमची वंशावळ काढली. कोरा कागद, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि ज्याला त्रास असेल त्याचं चित्र आतून काळं करायचं. सासूबाईंना हे फारच आवडलं. त्यांनी आपल्या बाजूचे तीन पिढ्यांचे लोक हजर केले. कोण दम्यानं गेलं, कोण विहिरीत पडलं, दिराच्या सासऱ्याचा मुतखडा. ती मुलगी हसत हसत म्हणाली, आजी, सासरे नकोत, रक्ताचेच सांगा.

मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्या बाजूला कुणाला फिट?"

"नाही."

"तुम्हाला स्वतःला लहानपणी काही? उपाशीपोटी चालल्यावर पाय आखडणं, पावलं वाकडी होणं, चक्कर?"

तिनं जणू मला आंबीच्या बांधावर बसलेलं बघितलं होतं. माझ्या डाव्या हाताला सासूबाई होत्या, उजव्या हाताला नवरा. मांडीवर मुलगी होती. दुकानात माझा आवाज हायवेपर्यंत जातो असं लोक म्हणतात. तो इतका बारीक आला, की तिला पुन्हा विचारावं लागलं. "नाही," मी दुसऱ्यांदा म्हणाले. माझं वर्तुळ कोरंच राहिलं.

रिपोर्टला काही आठवडे लागणार होते. तोवर पोरीला उपाशी ठेवायचं नाही आणि झोपताना काहीतरी खायला द्यायचं, एवढं सांगितलं होतं. मंगळवार बंद झाले. फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. सासूबाई देवघरासमोर बसून देवीशी काहीतरी पुटपुटायच्या, बहुतेक माफी मागत असाव्यात. मला रिपोर्ट लवकर यावासा वाटत होता आणि येऊच नये असंही वाटत होतं. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांवर इतकी डाफरले, की नवऱ्यानं मला दोन दिवस दुकानात बसू दिलं नाही.

एका दुपारी मुलगी शाळेतून आली आणि जिन्यातच बसली. खेळून दमली होती. पावलं आतल्या बाजूला वळली होती, अगदी तशीच. मी शेजारी बसून तिचे पाय मांडीवर घेतले.

"आई, तुला होतं असं?"

मोठ्यांशी खोटं बोलणं सोपं असतं. "होतं," मी म्हणाले.

"मग तू काय करतेस?"

"गूळ खाते."

तिनं जरा विचार केला. "मंगळवारी पण खायचीस?"

"मंगळवारी पण."

"मग मला का नाही दिलास?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला कुशीत घेऊन मी जिन्यातच रडले आणि तीच माझी समजूत काढत राहिली. मग तिला खायला घालून मी दुकानामागच्या गोदामात गेले, पोत्यावर बसले आणि समुपदेशक मुलीला फोन लावला. म्हटलं, त्या कागदावरचं माझं वर्तुळ काळं करा. सगळं सांगितलं, बांध, गूळ, आईचं बोलणं. तिनं रागवावं अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. रिपोर्ट वाचताना याचा उपयोग होईल." आणि मग म्हणाली, जमलं तर घरीही सांगा. ते मला जमलं नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. अंदाज खरा ठरला होता. मुलीच्या जनुकात बदल सापडला होता, आणि तोच बदल आईच्या रक्तातही होता. डॉक्टर बाईंनी हे अगदी जपून सांगितलं. एकाच बदलाचा एखाद्याला कमी त्रास होतो, एखाद्याला जास्त. यात कुणाचा दोष नाही, कुणी निवडून देत नाही. मुख्य म्हणजे आता उपाय माहीत आहे आणि तो लवकर सुरू होतोय. नवऱ्यानं माझा हात धरला.

परतीला लोकलची वाट बघत आम्ही फलाटावर बसलो होतो. नवरा मुलीला घेऊन पाणी आणायला गेला तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या, "तुला ठाव व्हतं?"

"रोगाचं नव्हतं माहीत. पायाचं माहीत होतं."

"अन् उपासाच्या दिशी?"

"गूळ खायचे. चोरून."

"मला बोलली असतीस तर पोरीला उपाशी ठेवलं असतं व्हय मी?" त्यांचा आवाज फाटला. "नैवेद्याच्या आधी तिला भरवलं असतं गं. देवी काय वैरीण हाय का?"

हे बोलणं मला लागलं, आणि लागलं की मी उलटते. मी म्हणाले, "लग्नाआधी सांगितलं असतं, तर केली असती का सून मला?"

त्यांनी खरंच विचार केला. खोटं बोलायची त्यांची पद्धत नाही. "न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हंजी ही पोरबी नसती आली आपल्यात." पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर जोरात एक धपाटा घातला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारलेला तो एवढाच. तो खाऊन मला किती हलकं वाटलं, ते सांगून समजणार नाही.

उपाय म्हणजे जेवणच होतं. मेंदूला साखर पोचत नाही तर त्याला तुपातेलाच्या स्निग्धांशावर चालवायचं. पहिले काही दिवस दवाखान्यात ठेवूनच हा आहार सुरू केला, घरच्या घरी करायचा नाही असं बजावलं. तूप, लोणी, साय, खोबरेल, अंडी, पनीर, मोजकी भाजी, सगळं ग्रॅममध्ये तोलून. साखर, गूळ, भाकरी बंद. आणि भात बंद. इंद्रायणीच्या पोत्यांच्या राशीवर लोळत वाढलेल्या पोरीला भात बंद!

सासूबाई आहारतज्ज्ञ बाईंना म्हणाल्या, "ताई, मऊ भात, मूठभर?" नाही. "पेज?" नाही. "निस्तं पेजेचं पाणी?" त्या बाईंनी हात जोडले. घरी आल्यावर सासूबाईंनी दोन दिवस स्वतः भात सोडला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावर खेकसल्या, "मला कुटं फिट येतीय? वाढ गुमान." पण तोलायचा काटा त्यांनीच ताब्यात घेतला. चष्मा लावून लोण्याचा गोळा तोलायच्या, अर्धा ग्रॅम जास्त झाला तर सुरीच्या टोकानं काढायच्या. पोरगी पहिले दोन आठवडे रडली, चिडली, एकदा पनीरचं ताट भिरकावलं. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, की हा स्वभाव माझा.

मग एक दिवस गेला, एक आठवडा गेला, महिना गेला. कॅलेंडरवर गोल नाही. भीतीनं मी लाल पेन हातात घेऊन बसायचे. दुसऱ्या महिन्यात एक छोटी फिट आली, तेव्हा मला वाटलं सगळं संपलं. डॉक्टर बाईंनी फोनवर आहाराचं प्रमाण थोडं बदललं. त्यानंतर आजपर्यंत नाही. जुन्या गोळ्या हळूहळू कमी झाल्या. तिची झापड गेली आणि घरात बडबड सुरू झाली. तेराचा पाढा तिनं सासूबाईंना पाठ करायला लावला. धोका पूर्ण टळला असं कुणी म्हणत नाही, आहार अजून कित्येक वर्षं चालायचा आहे. माझीही तपासणी झाली. वेळेवर खा आणि उपास करू नका, एवढंच मला पथ्य.

या गेल्या उन्हाळ्यात नाणे मावळात नात्यातलं लग्न होतं. मांडवात पंगत बसली. मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिनं पत्रावळीवर आपला डबा उघडला. वाढायला गावातल्या सुना होत्या आणि आग्रह करायला माझ्या एक चुलतसासूबाई. त्यांनी भाताचं पातेलं आमच्यासमोर थांबवलं.

"घाल गं पोरीला. एवढ्याशा भातानं काय व्हतंय?"

"नको आजी," मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली. "मला भात चालत नाही. मला फिट येते. आमच्या जनुकात आहे ते. आईला पण आहे."

आवाज तिनं माझाच घेतला आहे. अलीकडची रांग थांबली, पलीकडची वळून बघायला लागली. वरमायसुद्धा बघत होती. चुलतसासूबाई घाईनं खाली वाकल्या. "हळू बोल, बाई. असं चारचौघांत सांगू न्हाई. उद्या लग्नाची व्हशील." मग माझ्याकडे बघून, आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, "व्हय गं? तुलाबी?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. हसून नुसती मान हलवली असती तरी विषय बुडाला असता. मुलगी घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. समोरच्या रांगेत सासूबाई होत्या. त्यांनी जेवण थांबवलं होतं, पण माझ्या वतीनं त्या काही बोलणार नव्हत्या.

"व्हय," मी म्हणाले, दुकानात बोलते तितक्या मोठ्यानं. "माझ्याकडूनच आलंय तिला. लहानपणापासून आहे मला."

चुलतसासूबाई पुढं सरकल्या. पंगत पुन्हा जेवायला लागली, थोडी कुजबुज झाली, ती व्हायचीच. भाताचं पातेलं धरलेली सून मात्र तिथंच उभी राहिली. मी तिला ओळखत नव्हते. विशीतली असेल. तिनं पातेलं खाली ठेवलं, मला वाढायच्या निमित्तानं वाकली आणि कानाशी म्हणाली, "ताई, माझ्या भावाच्या पोरीला सकाळी सकाळी असंच व्हतं. घरात कुणी बोलू देत न्हाई. कुटल्या दवाखान्यात गेलता तुमी?"

मी मुलीला सरकायला सांगितलं आणि त्या सुनेला आमच्या दोघींच्या मध्ये बसवून घेतलं.